घराचा अर्ज आणि गावचे घर

गेल्या महिन्यात लिंबायतच्या एक भगिनी सुरत महानगरपालिकेच्या घरांसाठी भरावयाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आल्या. यजमान यंत्रमागावर, बिऱ्हाड भाड्याच्या एका खोलीत. अर्ज गुजरातीत. ‘काका, तेवढा वाचून द्या,’ एवढीच विनंती.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली निघाली. तिचा दुसरा टप्पा २०२४ पासूनचा. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत हवे आणि घर गृहिणीच्या किंवा उभयतांच्या नावे व्हावे, असा दंडक आहे. यजमान सोबत नव्हते; हे वाक्य आम्ही दोनदा वाचून दाखविले.

पुढची अट आली : पती, पत्नी वा अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे. बाई गप्प झाल्या. पारोळा तालुक्यात सासऱ्यांचे घर आहे. त्यांच्या पश्चात तिघा भावांची नावे लागलेली. ‘गल्लीतले म्हणतात, नाही म्हणून लिहा. तिकडचं इकडे कोण पाहतो?’

खानदेशातून ताप्तीकाठच्या लोहमार्गाने येथे आलेल्या किती कुटुंबांपुढे हा प्रश्न असेल! सल्ला देणारे पुष्कळ. प्रतिज्ञापत्रावर सही मात्र त्यांची नसते. माहिती खोटी ठरली तर मिळालेले घरही हातचे जाऊ शकते.

तथापि भिऊन अर्जच न करणे हेही शहाणपणाचे नव्हे. अट पक्क्या घराची आहे. गावचे घर कसे, असे विचारता कळले की भिंती मातीच्या, वर धाबे, आणि मागचा खण दोन पावसाळ्यांपूर्वी बसलेला. ते पक्के की कच्चे, हे आम्ही ठरवावयाचे नाही, गल्लीने तर नाहीच नाही. घर कोणाचे व कसल्या बांधकामाचे, याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. तो उतारा आणावा, महानगरपालिकेच्या कचेरीत दाखवावा, भावांच्या वाट्याचेही तेथेच विचारावे आणि मगच सही करावी, असे आम्ही सुचविले.

आणखी एक घोळ आहेच. गावच्या कागदावर साधे असलेले यजमानांचे नाव येथील आधार कार्डावर ‘भाई’ लावून आले आहे! तेही निस्तरावे लागेल.

यजमानांचा खाडा पडू नये म्हणून बाई एकट्याच निघाल्या. अमळनेरचे तिकीट काढले आहे, एवढे सांगून अर्ज मात्र आमच्याकडेच ठेवून गेल्या.