नरक्याच्या सालीतील कारखाना

बुऱ्हाणपूर ही एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. आज ते मध्य प्रदेशात मोडते. तरी तापीकाठच्या त्या गावातला कर्करोगाचा रुग्ण पुष्कळदा मुंबईचीच गाडी पकडतो, आणि परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर त्याच्या नातलगांची गाठ सावंतवाडी-रत्नागिरीकडून आलेल्या माणसांशी पडते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर कधी इरिनोटेकॅन हे नाव असते, कधी टोपोटेकॅन. या औषधांच्या मुळाशी त्याच तापीच्या खोऱ्यात जन्मलेला एक माणूस आहे आणि कोकणच्या माथ्यावरचे एक झाडही आहे, हे त्या पदपथावरच्या कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सरकारास मात्र ठाऊक असावयास हवे.

तो माणूस म्हणजे डॉ. मनसुख वाणी. १९२५ साली नंदुरबारला त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि उत्तर कॅरोलिनातील एका संशोधनसंस्थेत मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे काढून त्याची रचना जगापुढे मांडली. १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉलची रचना उलगडली. २०२० साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, डॉ. वाणी निवर्तले. पहिले द्रव्य नेमके काय करते हे कळावयास १९८५ साल उजाडले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील जनुकसूत्राचा पीळ सैल व्हावा लागतो. त्यासाठी एक विकर सूत्राचा एक पदर क्षणभर तोडते आणि पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन त्या तुटल्या क्षणी तेथे पाचर मारून बसते. पदर सांधला जात नाही, आणि भराभर वाढणारी रोगट पेशी आपल्याच घाईने मरते. रापणीचा दोर वळणाऱ्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

चीनमधला वृक्ष दूरचा. पण हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत सापडले. मुंबईच्या गोरेगावात सिबा कंपनीचे संशोधनकेंद्र होते. तेथील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, घाटमाथ्यावर वाढणाऱ्या नरक्यात कॅम्पटोथेसिन आहे आणि ते भरपूर आहे. ज्या झाडाला त्याच्या दुर्गंधीवरून लोकांनी असे नाव ठेवले, ते एका रात्रीत सोन्याच्या भावाचे झाले. पुढे काय झाले हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. आंबोली, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यात नरक्याची तस्करी हा बातमीचा नित्याचा विषय होऊन बसला. रात्री तोडलेल्या झाडाचे तुकडे पोत्यांत भरून घाट उतरतात, तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडते, आणि परदेशातील कारखान्यात शुद्ध झालेल्या द्रव्याची किंमत शेवटी परळच्या पदपथावरचा माणूस मोजतो. कच्चा कापूस बाहेर धाडून मँचेस्टरचे कापड विकत घेण्याच्या ज्या व्यवहाराविरुद्ध या देशाने होळ्या पेटविल्या, त्याहून हा व्यवहार वेगळा कसा, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे!

झाड तोडून औषध मिळविण्याचा मार्ग कोठे जातो, हे टॅक्सॉलने आधीच दाखविले आहे. एक किलो औषधास सुमारे १० हजार किलो साल लागे. हिमालयातील थुनेर या वृक्षाची त्यापायी अशी दैना झाली की, १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. पुढे झाडाच्या पेशीच टाक्यांत वाढवून औषध काढण्याची रीत निघाली.

नरक्याच्या बाबतीत अशीच, किंबहुना याहून सोपी, वाट दिसली होती. जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ साली जाहीर केले की, पश्चिम किनाऱ्यावरील नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक सूक्ष्म बुरशी स्वतःच कॅम्पटोथेसिन तयार करते. म्हणजे झाडाच्या पोटात एक कारखाना आहे, आणि तो झाडाबाहेर काढून काचेच्या भांड्यात चालविता येईल! कल्पना काही अद्भुत नव्हे. कर्करोगाच्या वॉर्डात शिरेवाटे दिले जाणारे लालभडक डॉक्सोरुबिसिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी सूक्ष्मजीवाचीच करामत पाहिली आहे. इटलीतील अपुलिया प्रांतात एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतून निघालेल्या जीवाणूच्या वंशाचे ते औषध, आणि तेथल्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे एड्रियामायसिन हे नाव पडले. ब्लिओमायसिन जपानच्या मातीतले. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर चालणारे ॲक्टिनोमायसिन वॅक्समन यांनी १९४० साली मातीतल्या जीवापासूनच मिळविले. यांपैकी एकाही औषधासाठी कोणास अरण्यात कुऱ्हाड न्यावी लागत नाही.

मग नरक्याची बुरशी कारखान्यात का आली नाही? येथे भाबडेपणा उपयोगी नाही. या बुरशीपासून मिळणारे द्रव्य अत्यल्प असते, आणि प्रयोगशाळेत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अशा तिच्या पिढ्या नेत गेले की तेही घटत जाते. चिनी वृक्षातील बुरशीबाबत आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात आपल्या नरक्याच्या बुरशीबाबतही हाच अनुभव आला. झाडातून बाहेर पडल्यावर बुरशी आपली विद्या विसरते, असे म्हणावयास हरकत नाही. ती का विसरते, झाड तिला कोणता संकेत देत असते, हा प्रश्न दहा-वीस वर्षे एकाच ठिकाणी बसून सोडविण्याचा आहे. तीन वर्षांच्या अनुदानावर तो सुटत नाही.

अशा चिकाटीचे मोल काय असते, हे सुरेंद्रनाथ सहगल यांच्या उदाहरणावरून कळते. बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेला हा जैवरसायनज्ञ कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत होता. १९६४ साली एका मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील जीवाणूपासून त्यांच्या गटाने रॅपामायसिन काढले. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सहगल यांनी त्या जीवाणूचा वाण घरच्या शीतपेटीत, आइस्क्रीमच्या शेजारी, जपून ठेवला! १९९९ साली ते औषध मूत्रपिंड-रोपणासाठी मान्य झाले, आणि त्यापासून घडविलेली औषधे मूत्रपिंडाच्या कर्करोगावर आली. एका माणसाच्या घरच्या शीतपेटीवर जगाचे एवढे अवलंबून असावे, ही गोष्ट कौतुकाची तितकीच भयाचीही आहे.

आपल्याकडे तशी पाळी येण्याचे कारण नव्हते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्वराज्याने मोठ्या उमेदीने उभारला. तेथे थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ज्या जीवाणूपासून ते निघाले त्याला पिंपरीचेच नाव दिले गेले. मातीतला जीव शोधणे, तो जोपासणे आणि हजारो लिटरच्या टाकीत वाढविणे, ही सारी विद्या तेथे एका छपराखाली नांदत होती. १९९७ साली तो कारखाना आजारी ठरला. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. जमिनीला गिऱ्हाईक मिळेल. ती विद्या कोठल्या सातबाऱ्यावर नोंदविली आहे?

तरीही साधने अगदीच सरली आहेत असे नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह पुण्यात आहे, लाखांवर जीवाणूंचे वाण सांभाळणारा एक नवा संग्रहही तेथेच आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. नरक्याची रोपे दापोलीने वाढवावीत, ती घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याच्या बांधावर लावावीत, आणि लाकडाची परवानगी केवळ अशा लागवडीपुरती द्यावी. जंगलातील प्रत्येक जुन्या झाडाच्या सालीतील बुरशी पुण्याच्या संग्रहात जमा व्हावी. कारण ज्या झाडातील बुरशी आपली विद्या टिकवून धरील, ते झाड कदाचित आज रात्रीच तुटायचे आहे. या कामास किमान १५ वर्षांची अखंड तरतूद लागेल. ती मागण्याचे काम कोकणातील आमदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, पक्ष बाजूला ठेवून, करावे.