पगाराचं काय विचारायचं?

नगरला लागून असलेले भिंगार हिशेबी गाव आहे. लष्करी छावणीच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत निवृत्त सुभेदाराला महागाई भत्ता किती वाढला, ‘वन रँक वन पेन्शन’ची थकबाकी किती आली, हे रुपयापर्यंत पाठ असते. कॅन्टीन, औषधोपचार, सगळे त्याला कागदावर लागते. त्याच घरातली नात नगरच्या एखाद्या खासगी रुग्णालयात डॉक्टरांची सहायक म्हणून लागली, की मात्र सगळे हिशेबनीस मुके होतात. ‘डॉक्टर देवमाणूस. पगाराचं काय विचारायचं? आधी शीक म्हणावं!’

याला मी विनय म्हणत नाही. लुटीला हातभार म्हणतो.

समजा, तोंडी चौदा हजार ठरले. बारा तासांची पाळी, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 312 तास. तासाला पुरते पंचेचाळीस रुपयेही पडत नाहीत. पुढच्या पाळीची मुलगी आली नाही तर डबल ड्युटी, तीही हिशेबाबाहेर. वर दोन वर्षांचा बॉण्ड, आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात. सालगड्यालासुद्धा पाडव्याला आपले साल किती ठरले ते माहीत असायचे!

कागद मिळालाच तर तो वाचतो कोण? अठरा हजारांत मूळ वेतन सहा हजार दाखवून उरलेले भत्त्यांत घालायचे, ही जुनी हातचलाखी. मग बारा टक्क्यांनी भविष्य निधी कापला जातो अवघा 720 रुपये, आणि पुढे ग्रॅच्युइटीही त्याच सहा हजारांवर. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायला सांगितले आहे, नेमणूकपत्रही सक्तीचे केले आहे. पण मागायचे कोणी? बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या पगारी रजेचे मुलीने विचारावे, तर तिलाच उलटे विचारतात, ‘लग्न कधी करणार?’

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितले होते की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी देऊ नये. ती शिफारस कागदावरच पिवळी पडली. 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिशियन असोसिएट, म्हणजे डॉक्टरांचा सहायक, हा व्यवसाय म्हणून मान्य केला. पगाराचे नाव त्यात नाही.

जबाबदारी मात्र पुरेपूर. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा रुग्ण दगावले. पुढे अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. म्हणून नोकरी धरताना पगाराइतकेच हेही विचारावे लागते: माझ्या कामाची व्याख्या कुठे लिहिली आहे, डॉक्टर जागेवर नसताना सही कोणाची, खटला झाला तर वकिलाचा खर्च कोण देणार? हे विचारणाऱ्या मुलीला आपण ‘आगाऊ’ म्हणतो.

आणि आपण कोण? ओळख लावून बिलातून दोन हजार कमी करून घेणारे. सलाईन संपली म्हणून त्याच मुलीवर ओरडणारे. दवाखान्याच्या उद्घाटनाला हार घेऊन पहिल्या रांगेत बसणारे. त्या रांगेत निवृत्त सुभेदारही असतात, नगरसेवकही असतात, पत्रकारही असतात. इथे काम करणाऱ्यांना नेमणूकपत्र दिले का, एवढे एक वाक्य त्या मांडवात आजवर कोणी उच्चारलेले मी ऐकलेले नाही.