तुटलेल्या केबलचा पंचनामा

समुद्राखालची केबल तुटली की आठवड्याभरात आमच्या संपादकीय टेबलावर लेखांची चळत साचते. पहिल्या परिच्छेदात प्रश्न एकच: हे कोणी केले? दुसऱ्यात 'ग्रे झोन' आणि 'हायब्रीड युद्ध' हजर. तुटलेली केबल जोडली कोणी आणि किती दिवसांत, हे शोधायला गेलो तर तळटीपही सापडत नाही.

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने 'रुबीमार' हे मालवाहू जहाज निकामी केले. नांगर टाकून खलाशी उतरले. ते बेवारस धूड भरकटत राहिले आणि २ मार्चला तांबड्या समुद्रात बुडाले. मधल्या काळात तीन केबली तुटल्या. फरफटत गेलेल्या नांगराने त्या ओढल्या असाव्यात, असा बहुतेकांचा निष्कर्ष आहे. केबलींवर आपण हल्ला केलाच नाही, असे हुथी म्हणाले. खरेही असेल. आशिया आणि युरोपमधली बरीच वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली, ती लागलीच. पुढे दुरुस्तीला महिने गेले. याचे कारण पाण्याची खोली नव्हे. युद्धाच्या छायेत जहाज पाठवायचे कसे आणि येमेनच्या पाण्यातला परवाना मागायचा कोणाकडे, एडनमधल्या मान्यताप्राप्त सरकारकडे की सानातल्या हुथींकडे, हा घोळ होता. अभ्यासाचा खरा ऐवज इथे आहे, पण हल्लेखोराच्या शोधापुढे तो आम्हाला नीरस वाटतो.

गुन्हेगार हाती लागला तरी काय होते, ते फिनलंडने पाहिले. २०२४ च्या नाताळात 'ईगल एस' या तेलवाहू जहाजाच्या नांगराने एस्टोनियाकडे जाणारी वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबली तोडल्या. फिनलंडने जहाज अडवले, त्यावरच्या अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला: अधिकारक्षेत्रच नाही. जहाजावर ध्वज कुक आयलंड्सचा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार असा खटला ध्वजाच्या देशाने चालवायचा, नाहीतर खलाशांच्या मायदेशाने.

जगभरात केबलींत वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात. बहुतेक मासेमारीमुळे आणि नांगरांमुळे. मुंबईत अनेक आंतरराष्ट्रीय केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, आणि तिथेच कोळीवाडा आहे. केबल-सुरक्षेवर निबंध लिहिणारे किती जण त्या बंदरावर जाऊन नाखव्याशी बोलले असतील? आम्हीही गेलो नाही, हे कबूल करायला हवे. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२३ च्या शिफारशींत भारतीय ध्वजाखालच्या केबल-दुरुस्ती जहाजांचा मुद्दा मांडला होता. आपल्या सामरिक अभ्यासाच्या वर्तुळात त्यावर जेमतेम चर्चा झाली. तोच मुद्दा पाणबुड्यांचा असता तर परिसंवाद भरले असते.

तेव्हा पुढील काही अंकांसाठी विनंती. केबल कोणी तोडली यावरचे लेख तूर्त पुरेसे आहेत. परवाने, विमा, सुटे भाग, जहाजाला घटनास्थळी पोहोचायला लागणारे दिवस, यांवर लिहा. लेख रूक्ष असला तरी छापू.