अमीन गेला, जामीन कोण?

जगात कुठेही एखाद्या हुकूमशहाने आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या की मंडळाच्या वाचनालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : "कुणीतरी सैन्य घुसवून याला उचलून फेकायला हवा." सिरियाच्या वेळी ऐकले, म्यानमारच्या वेळी ऐकले. लगेच दुसऱ्या टेबलावरून उत्तर येते, "इराकमध्ये घुसवले होते ना? काय झाले?" तेवढ्यात चहा येतो आणि चर्चा तिथेच थांबते.

आमच्या मते इराकचे उदाहरण या प्रश्नासाठी फार सोपे आहे. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने २००३ साली ते युद्ध झाले ती सापडलीच नाहीत. कारणच खोटे निघाले म्हटल्यावर वाद घालायला उरते काय? अवघड उदाहरण आहे ते १९७९ सालच्या युगांडाचे. तिथे हुकूमशहा खरोखर क्रूर होता, कुरापत त्यानेच काढली होती, आणि सैन्य पाठवणारा देश गरीब होता, तेलाच्या मागे लागलेला नव्हता. शिवाय हे उदाहरण बडोदेकरांना परके नाही. आपल्या शेजारच्या चरोतरात 'आफ्रिकावाळा' म्हणून ओळखली जाणारी घरे गावोगावी आहेत. आमच्या बँकेतल्या नोकरीच्या काळात कंपालाच्या मालमत्तेची कागदपत्रे लॉकरमध्ये जपून ठेवणारे खातेदार आम्ही पाहिले आहेत. दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले, पण दस्तऐवज प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेला.

इदी अमीनने २५ जानेवारी १९७१ रोजी सत्ता बळकावली. राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे तेव्हा राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते. सुरुवातीला ब्रिटनसह अनेकांनी अमीनचे स्वागतच केले, हे विसरता कामा नये. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पन्नास हजारांहून अधिक माणसे निघून गेली, त्यांतली सत्तावीस हजारांच्या आसपास ब्रिटनला. आपल्याकडे अमीन आठवतो तो एवढ्यासाठीच. पण युगांडाच्या लोकांचे हाल त्याहून कितीतरी भयंकर होते. मुख्य न्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना सप्टेंबर १९७२ मध्ये थेट न्यायालयातून उचलून नेले, ते परतले नाहीत. आर्चबिशप जनानी लुवुम यांना फेब्रुवारी १९७७ मध्ये ठार केले आणि मोटार अपघात झाल्याचे जाहीर केले. आठ वर्षांत किती माणसे मारली गेली याचे अंदाज ऐंशी हजारांपासून तीन लाखांच्या पुढे जातात. आणि याच माणसाला १९७५ साली आफ्रिकी एकता संघटनेचे अध्यक्षपद मिळाले! त्या वर्षीच्या कंपालातील परिषदेवर ज्या थोड्या देशांनी बहिष्कार घातला त्यांत टांझानिया होता.

टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. सत्तांतरानंतर त्यांनी ओबोटे यांना आपल्याकडे आश्रय दिला होता. सप्टेंबर १९७२ मध्ये ओबोटे यांच्या समर्थकांनी टांझानियातून युगांडात शिरण्याचा प्रयत्न केला आणि तो पुरता फसला. म्हणजे न्येरेरे यांची पाटी अगदी कोरी नव्हती. पण ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस अमीनच्या सैन्याने सीमा ओलांडली, कागेरा नदीच्या उत्तरेचा सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचा पट्टा बळकावला आणि तो युगांडात विलीन केल्याचे जाहीर केले. गावे लुटली, नदीवरचा पूल उडवला. आफ्रिकी एकता संघटनेने मध्यस्थीची भाषा केली, आक्रमकाचा निषेध मात्र केला नाही.

टांझानियाने सैन्य आणि नागरी दलातील माणसे उभी करून अमीनला आपल्या भूमीतून हुसकावले. खरा प्रश्न इथे उभा राहतो. आपली जमीन परत मिळाली, मग थांबायचे की पुढे जायचे? न्येरेरे पुढे गेले. त्यांची मांडणी अशी होती की युद्धे दोन आहेत : आक्रमकाला धडा शिकवण्याचे युद्ध टांझानियाचे, आणि अमीनला हटवण्याचे युद्ध युगांडाच्या लोकांचे. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात निर्वासित युगांडनांची दले लहान होती आणि लढाईचा भार टांझानियावरच होता. मुटुकुला या सीमेवरच्या गावात टांझानियाच्या सैनिकांनी सूडापोटी सामान्य लोकांनाही मारले, तेव्हा न्येरेरे यांना सक्त ताकीद द्यावी लागली. अमीनच्या मदतीला गद्दाफीने लिबियाचे सैनिक पाठवले, तरी निभाव लागला नाही. ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला पडले आणि लोकांनी रस्त्यावर येऊन टांझानियन सैनिकांचे स्वागत केले. अमीन लिबियात पळाला, नंतर सौदी अरेबियात गेला आणि २००३ साली जेद्दाहमध्ये मेला. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.

त्याच जुलैमध्ये मन्रोव्हियाच्या परिषदेत सुदान आणि नायजेरियाच्या नेत्यांनी न्येरेरे यांच्यावर टीका केली. मुद्दा असा की आज अमीन वाईट म्हणून घुसलात, उद्या कुणीही कुणालाही वाईट ठरवून घुसेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक सीमा युरोपीयांनी टेबलावर बसून आखलेल्या. एकदा हे सुरू झाले तर कुणाचे घर शाबूत राहील? पण टीका करणाऱ्यांनी आठ वर्षे अमीनला काय विचारले होते, हेही पाहायला हवे.

त्याच सुमारास व्हिएतनामने कंबोडियात शिरून ७ जानेवारी १९७९ रोजी पोल पॉटची राजवट संपवली. त्या राजवटीने चार वर्षांच्या आत पंधरा ते वीस लाख माणसे संपवली होती. जगाने व्हिएतनामचे आभार मानले नाहीत. चीनने त्याच्यावर हल्ला केला (आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री वाजपेयी त्या वेळी चीनच्या दौऱ्यावर होते, ते दौरा अर्धवट टाकून परतले) आणि संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची पुढची अनेक वर्षे पोल पॉटच्याच गटाकडे ठेवली गेली. आपला १९७१ चा अनुभव तरी कुठे वेगळा होता? पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत असतानाही डिसेंबरमध्ये आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने १०४ देशांनी मत दिले. विरोधात होते अकरा.

या तिन्ही प्रकरणांत सैन्य पाठवणाऱ्याने कायद्याचा मुख्य आधार म्हणून स्वसंरक्षण सांगितले, परक्या जनतेची सुटका नव्हे. आम्हाला हे नुसते ढोंग वाटत नाही. शेजाऱ्याच्या घरची आग स्वतःच्या भिंतीला लागली तेव्हाच ते धावले, त्यामुळे आपण कशासाठी जातो आणि त्याची किंमत काय, याचा अंदाज त्यांना होता. दहा हजार किलोमीटरवरून येणाऱ्याला तो नसतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : न्येरेरे यांचे कंपालापर्यंत जाणे समर्थनीय होते. कागेराच्या काठावर थांबले असते तर अमीनने वर्षभरात पुन्हा तयारी केली असती, आणि मधल्या काळात त्याने स्वतःच्या लोकांचे काय केले असते हे वेगळे सांगायला नको. पण समर्थन इथपर्यंतच.

बँकेत कर्जाचा फॉर्म भरताना माणूस उत्साहात असतो, जामीनदाराची सही मात्र कुणालाच नकोशी. सैन्य पाठवणारा देश हा त्या देशाच्या पुढच्या सरकारचा जामीनदार होतो, त्याची इच्छा असो वा नसो. मार्च १९७९ मध्ये मोशी येथे युगांडाच्या निर्वासित गटांची परिषद होऊन युसुफ लुले यांना नेता ठरवले गेले. ते ६८ दिवस टिकले. नंतर आले गॉडफ्रे बिनाइसा, त्यांना मे १९८० मध्ये लष्करी आयोगाने बाजूला केले. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, आणि मतमोजणी चालू असताना लष्करी आयोगाचे प्रमुख पाउलो मुवांगा यांनी निकाल जाहीर करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. ओबोटे पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. टांझानियाचे सैन्य तेव्हा युगांडातच होते. न्येरेरे यांनी मनात आणले असते तर ही निवडणूक नीट होऊ शकली असती. पण ओबोटे त्यांचे जुने मित्र होते.

पुढे जे झाले ते अमीनच्या काळाला शोभणारे होते. योवेरी मुसेवेनी यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये बंड केले आणि लुवेरो भागात ओबोटे यांच्या सैन्याने गावेच्या गावे उजाड केली. किमान लाखभर माणसे गेली, काही अंदाज तीन लाखांचे आहेत. अमीनला हटवून जेवढे जीव वाचले असतील त्यातले किती इथे पुन्हा गेले, हा हिशेब कोण मांडणार? मुसेवेनी जानेवारी १९८६ मध्ये कंपालात शिरले. २००५ साली राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा गेली, २०१७ साली वयोमर्यादाही गेली आणि ते अजून तिथेच आहेत. आशियाई लोकांच्या मालमत्ता परत करण्याचा कायदा १९८२ साली झाला, पण त्या खऱ्या अर्थाने परत मिळू लागल्या मुसेवेनींच्या काळात. लॉकरमधले ते दस्तऐवज बाहेर काढायला बऱ्याच जणांना वीस वर्षे थांबावे लागले.

टांझानियाने या युद्धाचा खर्च स्वतः सोसला. तो सुमारे पन्नास कोटी डॉलर सांगितला जातो. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, आणि कॉफीचे भाव आधीच उतरले होते. नाणेनिधीकडे जायचे की नाही यावरून अर्थमंत्री एडविन म्टेई यांनी १९७९ च्या अखेरीस राजीनामा दिला. हे गृहस्थ टांझानियाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर, त्यांना आकडे दिसत होते. दुकानांतले शेल्फ रिकामे झाले. शेजारच्या देशासाठी एवढी किंमत मोजणारे सरकार आम्हाला दुसरे चटकन आठवत नाही, आणि तरीही निकाल लुवेरोच निघाला.

लिबियाचे २०११ साली याच्या उलट झाले. सुरक्षा परिषदेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला तेव्हा इथे अनेकांनी नाके मुरडली होती. विमाने वरून आली, गद्दाफी ऑक्टोबरमध्ये मारला गेला आणि जामीनदार म्हणून सही करायला कुणीच थांबले नाही. देश पुढे दोन सरकारांत वाटला गेला.

आता म्यानमार. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने निवडून आलेले सरकार मोडले, तेव्हापासून विमानांतून गावांवर बाँब पडत आहेत. भारताने सैन्य पाठवावे असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न एवढाच : नेपिडोत पोहोचल्यावर सरकार कुणाचे बसवणार? तिथे डझनावारी सशस्त्र गट आहेत, त्यांचे आपसात जमत नाही, आणि पाठीशी चीन उभा आहे. ती सही भारताने करू नये. पण तीस हजारांहून अधिक निर्वासित मिझोराममध्ये आले आहेत. त्यांचा सांभाळ बराचसा राज्य सरकार, चर्च आणि यंग मिझो असोसिएशन करत आहेत. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, त्यामुळे केंद्राच्या लेखी ही माणसे बेकायदा घुसलेली आहेत. त्यांना निदान ओळखपत्र, मुलांना शाळा आणि राज्याला त्यासाठी निधी देणे दिल्लीच्या हातात आहे, आणि त्यासाठी एकही सैनिक सीमेपलीकडे पाठवावा लागत नाही.