अकरा जुलैची दफनं

दिनविशेषांची आपल्याकडे टंचाई नाही. तसबिरीला हार, दोन मिनिटं शांतता, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन आणि चहा-बिस्किटं, की वर्षभर सगळे मोकळे. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाला दर ११ जुलैला नरसंहाराचा स्मृतिदिन असतो. भाषणं तिथेही होतात, परदेशी पाहुण्यांचे ताफे तिथेही येतात. पण त्या दिवसाचं मुख्य काम निराळंच असतं. १९९५ साली मारलेल्या माणसांना त्या दिवशी मूठमाती द्यायची असते. तीस वर्षं उलटली तरी ते काम संपलेलं नाही.

घडलं ते थोडक्यात सांगतो. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात युद्ध पेटलं. स्रेब्रेनिका हे पूर्वेकडचं डोंगरातलं गाव मुस्लिम निर्वासितांनी खचाखच भरलं. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरवलं. पुढे रक्षणाला नेदरलँड्सचे काहीशे सैनिक आले, तेही हलक्या शस्त्रांचे. ११ जुलै १९९५ ला जनरल म्लादिचचं बोस्नियन सर्ब सैन्य गावात घुसलं. हजारो माणसं जीव मुठीत धरून शेजारच्या पोटोचारीला, बॅटरीच्या जुन्या कारखान्यातल्या डच तळाकडे धावली. म्लादिचने कॅमेऱ्यासमोर पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटली, घाबरू नका म्हणून सांगितलं. मग बाया-पोरं बसमध्ये आणि पुरुष नि वयात येऊ लागलेली मुलं बाजूला. काही दिवसांत आठ हजारांवर माणसं मारली गेली.

मारण्यावर थांबले असते तरी एक वेळ शोध सोपा झाला असता. बोभाटा होणार असं दिसल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रातोरात यंत्रं लावून खड्डे उकरले, प्रेतं ट्रकमध्ये भरली आणि लांबच्या दऱ्याखोऱ्यांत नेऊन पुन्हा पुरली. यंत्राच्या दातांना माणूस कुठे संपतो ते कळत नाही. एकाच्या मांडीचं हाड एका खड्ड्यात, बरगड्या मैलोगणती दूर दुसऱ्या खड्ड्यात, कवटी कुठेच नाही, असे प्रकार शेकड्यांनी निघाले. कपड्यांवरून, खिशातल्या तंबाखूच्या डबीवरून ओळख पटवायचे दिवस तिथेच संपले. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांचे वीस हजारांहून जास्त रक्तनमुने गोळा केले आणि २००१ पासून हाडांतल्या डीएनएशी ते जुळवायला सुरुवात केली.

नमुना जुळला की घरी निरोप येतो आणि इथून पुढचं मला सगळ्यांत अवघड वाटतं. मुलगा सापडला, म्हणजे जबडा आणि एक हात सापडला. पुरायचं का? की बाकीचा मिळेपर्यंत थांबायचं? संमती घरच्यांनी द्यायची असते. काही आयांनी आहे तेवढं पुरलं. पुढे आणखी हाडं मिळाली, तेव्हा कबर पुन्हा उघडून ती आत ठेवली. काही अजून वाट पाहत आहेत. काही वाट पाहता पाहताच गेल्या.

संमती मिळालेल्यांच्या पेट्या राजधानी सारायेव्होजवळच्या व्हिसोको गावी तयार होतात आणि ९ जुलैच्या सुमारास ट्रकने निघतात. राजधानीतून जाताना लोक दुतर्फा उभे असतात, ट्रकच्या ताडपत्रीत फुलं खोचतात. पोटोचारीच्या दफनभूमीत हिरव्या कापडात गुंडाळलेल्या त्या पेट्या गर्दीच्या डोक्यावरून हातोहात खड्ड्यापर्यंत पोहोचवल्या जातात. हिरव्या कापडाखाली पूर्ण माणूस क्वचितच असतो. उरलेल्यांपैकी खूप जणांचं वजन पेटीच्या लाकडापलीकडे फारसं नसतंच. २०१३ साली तिथे एक तान्ही मुलगी पुरली गेली. त्या जुलैतच, डच तळावर जन्मलेली.

ज्यांना दफनाला पेटी नसते तेही येतात. हजारो लोक तीन दिवस चालत शंभरेक किलोमीटरची वाट तुडवतात. १९९५ मध्ये जंगलातून तुझ्ला भागाकडे पळालेले पुरुष ज्या वाटेने गेले तीच ही वाट, फक्त उलट दिशेने. वाचलेले जिथे बाहेर पडले त्या नेझुक गावाहून निघायचं आणि पोटोचारीला पोहोचायचं. आइदा शेहोविच या बोस्नियन कलाकार स्त्रीने २००६ पासून आणखी एक रीत सुरू केली. बोस्नियात कॉफी एकट्याने पिण्याची गोष्ट नव्हे, आणि नवरा गेल्यावर सगळ्यांत जास्त ती एकत्र कॉफीच चुकते, असं तिथल्या विधवा सांगत. शेहोविच दर ११ जुलैला एखाद्या शहराच्या चौकात बिनकानाचे छोटे कप मांडायची, येणारे-जाणारे त्यांत कॉफी ओतायचे आणि ती कोणी प्यायचं नाही. लोकांनी देऊ केलेले कप वाढत वाढत ८,३७२ च्या पुढे गेले. हाच आकडा पोटोचारीच्या स्मारकशिळेवर कोरलाय. २०२० मध्ये कप पोटोचारीलाच मांडले गेले आणि तिने ती फिरती थांबवली.

एवढा आटापिटा कशासाठी, असं विचारणारे असतात. त्याचं उत्तर गावाच्या नकाशात आहे. युद्ध संपवणाऱ्या करारानंतर स्रेब्रेनिका सर्बांच्या वाट्याच्या प्रजासत्ताकात गेलं. तिथल्या सरकारने २००४ मध्ये कत्तलीची कबुली देणारा अहवाल मान्य केला होता; २०१८ मध्ये तिथल्या विधानसभेने तो फिरवला. हेगच्या न्यायालयाने नरसंहार सिद्ध धरला, म्लादिचची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली, तरी तिथले पुढारी नरसंहार शब्द उच्चारत नाहीत. आकडा फुगवलाय, म्हणतात. त्या बोलण्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. नाव, जन्मसाल आणि जुळलेलं हाड यांनीच देता येतं.

आता आपल्याबद्दल. फुटलेल्या युगोस्लाव्हियाच्या भूमीवर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १९९३ च्या मार्चमध्ये ते परतले. म्हणजे हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही. २३ मे २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ जुलै हा जागतिक स्मृतिदिन ठरवायचा ठराव आला. मांडणाऱ्यांत जर्मनी आणि रवांडा होते, दोघांनाही असल्या गोष्टी सांगायला कुणी नको. ठरावात सर्बांचं नावही नव्हतं. गुन्हा तो करणाऱ्या माणसांचा, जमातीचा नव्हे, असंही त्यात घातलं होतं. बाजूने ८४, विरुद्ध १९, तटस्थ ६८. भारत तटस्थांत होता. सर्बियाशी जुनी मैत्री, कोसोव्होवरून बेलग्रेडला दिलेली साथ, ही गणितं मला कळतात. तरीही पुरलेल्या माणसांची आठवण काढायला आपण हात वर करू शकत नसू, तर तटस्थतेला भित्रेपणा म्हणायला माझी हरकत नाही.

साडेसहा हजारांहून जास्त माणसं आतापर्यंत पोटोचारीला पुरली आहेत. हजाराच्या आसपास अजून सापडलेली नाहीत. ती कुठे आहेत हे सांगणारे कागद मिळायचे नाहीत, पण प्रेतं हलवली त्या रात्री ट्रक चालवणारे, यंत्रं हाकणारे सगळेच काही मेलेले नाहीत. त्यांपैकी काही आजही त्याच भागात राहतात. त्यांनी तोंड उघडावं म्हणून दबाव आणणं हे पुढच्या ११ जुलैपर्यंतचं काम आहे.