टाय रॉडचा सांधा आणि ट्रॅक्टरमालकाची जबाबदारी

आसाला वंगण आहे काय आणि चाकाची खीळ जागेवर आहे काय, हे पाहिल्यावाचून जाणता गाडीवान कधी गाडी जुंपीत नसे. ट्रॅक्टरच्या बाबतीत ही दक्षता क्वचितच आढळते. इंजिनचे तेल वेळेवर बदलले जाते, कारण इंजिन अडले की काम थांबते. परंतु पुढची चाके वळविणाऱ्या टाय रॉडच्या टोकांकडे, काम चालू आहे तोवर, कोणी लक्ष देत नाही. ही हयगय महागात पडणारी आहे.

टाय रॉडच्या टोकाशी एका वाटीत बसविलेला पोलादी गोळा असतो. त्यावरील रबरी टोपी फाटली, की चिखलणीच्या वेळी गाळ व पाणी आत शिरते, वंगण धुऊन जाते आणि गोळा व वाटी झिजू लागतात. झीज वाढल्यास गोळा वाटीतून निसटतो, त्या बाजूचे चाक मोकळे होते आणि चालकाच्या हाती केवळ स्टीअरिंगचे चक्र उरते. शेतात असे घडल्यास काम बुडते. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या असता रस्त्यावर घडल्यास माणसे दगावतात.

झीज ओळखणे अवघड नाही. स्टीअरिंग सैल लागणे, पुढची चाके थरथरणे, टायर एका कडेने झिजणे ही तिची लक्षणे होत. चाके जमिनीवर असता एकाने स्टीअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने चाकापासून अंग दूर ठेवून सांध्यावर बोटे टेकवावीत. खटका जाणवल्यास सांधा बदलावयास हवा. पॉवर स्टीअरिंग असलेल्या यंत्रात ही सैलता चक्रावर कमी जाणवते. तेथे ही तपासणी विशेष अगत्याची आहे.

दुरुस्तीस लागणारी हत्यारे थोडी आहेत : जॅक, भक्कम घोडे, योग्य मापाचे पाने, पक्कड, तारेचा ब्रश, सांधा सोडविण्याचा पुलर आणि टॉर्क पाना. मागील चाकांस ठोकळे लावून पुढचा भाग घोड्यांवर टेकवावा; केवळ जॅकच्या भरवशावर यंत्राखाली जाऊ नये. आटे साफ करून त्यांवर तेल सोडावे. लॉक नट प्रथम किंचित सैल करावा, नंतर कॉटर पिन व नट काढून पुलरने सांधा सोडवावा. घण घालण्याची रीत टाकून द्यावी. तिने आटे व स्टीअरिंगची भुजा दोन्ही खराब होतात. जुने टोक किती फेऱ्यांत निघाले ते मोजून नवे तितक्याच फेऱ्यांनी बसवावे. काही टाय रॉडच्या एका टोकास उलटे आटे असतात, हे विसरू नये. नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. पिनचे भोक जुळत नसल्यास तो मागे न फिरविता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा आणि पिन नेहमी नवीच घालावी.

शेवटी दोन्ही चाकांमधील अंतर आसाच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे. त्यांतील फरक पुस्तिकेप्रमाणे येईपर्यंत टाय रॉड फिरवून जुळवावा व मगच लॉक नट पक्का करावा. हे माप चुकल्यास नवे टायरही लवकर झिजतात.

झिजलेला सांधा वेल्डिंगने भरून घ्यावा, हंगाम तर निघून जाईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ही काटकसर नव्हे. आचेने पोलादाचा कस बिघडतो आणि तडा आतल्या आत वाढत राहतो. नव्या सांध्याची किंमत ट्रॅक्टरच्या एका टायरच्या किमतीपुढेही अल्प आहे. अडचण पैशापेक्षा हत्यारांचीच अधिक असते. पुलर व टॉर्क पाना प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. गावची अवजारे बँक किंवा सेवा सहकारी सोसायटी यांनी एक संच ठेवावा, हे सहज साध्य आहे. साखर कारखान्यांनीही गळीत हंगामापूर्वी वाहतुकीच्या ट्रॅक्टरांचे सांधे तपासण्याचा दंडक घालावा.

ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचा असला तरी रस्ता सर्वांचा आहे. त्या रस्त्यावरून शाळेची मुले चालत असतात. हंगामापूर्वी सांध्यांची तपासणी करणे हे त्यांच्याविषयीचेही कर्तव्य होय.