दोन दीनारांचा हिशेब

गोरगरिबांना मदत करावी याविषयी ख्रिस्ती माणसांत दुमत नाही, दुमत आहे ते ती कोणी करावी याविषयी, असे अमेरिकेतील पुराणमतवादी ख्रिस्ती बंधू नेहमी सांगतात. विधान मोठे समंजस वाटते. म्हणूनच ते पारखून घ्यावे लागते.

2012 साली पॉल रायन या कॅथलिक लोकप्रतिनिधीने मांडलेल्या अर्थसंकल्पात दरिद्री कुटुंबांच्या अन्नसाहाय्याला मोठी कात्री लावलेली होती. समर्थनासाठी त्यांनी आधार घेतला तो ख्रिस्तसभेच्याच शिकवणुकीचा! लहान समूहाला जे साधते ते मोठ्या सत्तेने बळकावू नये, हे 'सब्सिडियॅरिटी'चे तत्त्व अकरावे पायस यांनी 1931 च्या परिपत्रकात मांडले होते. तेव्हा सरकारने मागे सरावे आणि कुटुंबाने, धर्मग्रामाने, सेवासंस्थांनी पुढे व्हावे, असा रायन यांचा युक्तिवाद. अमेरिकन बिशपांनी ही कपात नैतिक कसोटीस उतरत नाही असे संसदेला पत्राने कळविले. सिस्टर सिमोन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकारी धर्मभगिनी तर बसमधून नऊ राज्ये फिरल्या.

आता मूळ शब्दच पाहा. 'सब्सिडियम' म्हणजे साहाय्य. रोमन सैन्यात आघाडी खचू लागली की धावून जाणाऱ्या राखीव फळीला हे नाव होते. राखीव फळीने उगाच पुढे घुसू नये हे खरे. पण आघाडी कोसळत असता तिने तंबूत बसून राहावे, असे कोणत्या सेनापतीने सांगितले? रायन यांनी तत्त्वाचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध गाळला.

उदारमतवाद्यांचीही एक पळवाट आहेच. सर्वच भार नोकरशाहीवर टाकणारे राज्य माणसाची स्वतःची उमेद खच्ची करते, असा इशारा दुसरे जॉन पॉल यांनी 1991 मध्ये दिला होता. ते पान ही मंडळी चटकन उलटतात. कर भरला की शेजाऱ्याचे ऋण फिटले, असे मानणे सोयीचे असते. तथापि दोन्ही चुका एका तागडीत तोलता येणार नाहीत. एकीने माणूस एकाकी पडतो, दुसरीने उपाशी झोपतो.

दयाळू शोमरोनी हा पुराणमतवाद्यांचा आवडता दाखला, कारण त्याने स्वतःच्या कनवटीचे दोन दीनार दिले. पण तो उतारशाळेच्या मालकाला आणखी काय म्हणाला? अधिक जो खर्च होईल तो मी परत येताना भरीन. त्याने मुदत घातली नाही. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली, आणि तिचे स्वागत करणाऱ्यांत कितीतरी जण याच दाखल्यावर प्रवचने देणारे होते.

आपल्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना विचारा. विधवेच्या घरी तांदूळ, डाळ, मुलांची वह्या-पुस्तके ते पोहोचवतात, अगदी प्रेमाने. तिच्या मुलाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागू लागले, की तेच सभासद सरकारी योजनेचा अर्ज भरायला तिच्यासोबत रांगेत उभे राहतात.